पोवळ्याच्या भावकीचे पाणी

अंगठीतले पोवळे कोणाला ठाऊक नाही? पण तो एका समुद्रजीवाचा सांगाडा, हे आपल्या ध्यानात नसते. त्याच्याच भावकीतले खडक बांधणारे प्रवाळ काचेच्या पेटीत जगवायचे, तर खरी कसोटी पाण्याची!

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कॅल्शियम जेमतेम ४०० मिलिग्रॅम. हे कॅल्शियम नि कार्बोनेट सांधून प्रवाळ आपला सांगाडा रचतो. ती कमी पडली की वाढ खुंटते. फाजील झाली की चुना पाण्यातच साकळतो, आपल्या बंबात बसतो तसा! मॅग्नेशियम हे साकळणे रोखून धरते.

आता जळगाव-धुळ्याचा वैशाख पाहा. पारा पंचेचाळिशीला टेकतो, पेटीतले पाणी उडून जाते. क्षार मात्र मागेच राहतात. अशा वेळी खारे पाणी ओतले तर घात! शुद्ध केलेले गोडे पाणीच हवे. विहिरीचे जड पाणीही नको; त्याबरोबर नको ते क्षार येतात. आणि पाणी तापत राहिले, की अंगातले शेवाळ गमावून प्रवाळ पांढरा पडतो.

परंतु वाचकहो, हौसेआधी कायदा! हे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; समुद्रातून ते काढणे गुन्हा आहे. पाहायचेच तर मालवणला जावे. पेटीत जे राखताना आपल्या नाकी नऊ येतात, ते समुद्र युगानुयुगे फुकट राखीत आला. आता तोच तापू लागला आहे. त्याची पेटी कोण राखणार?