इमारत पूर्ण होते, कामगार मात्र पुन्हा पहिल्या पायरीवर

बांधकामाच्या धंद्यात माणसं टिकावीत, त्यांना तिथे पुढे जाता यावं, यासाठी कामाची जागा कशी असायला हवी, हा आजचा विषय. आम्ही म्हणजे काही अभियंते, काही सुपरवायझर आणि गवंड्यांना शिकवण्याचं काम करणारी काही मंडळी. साइटवर रोज जे दिसतं, त्याच्या आधाराने आज बोलणार आहोत.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. एखादा मुलगा विसाव्या वर्षी बँकेत कारकून म्हणून लागला, तर पंचेचाळिसाव्या वर्षी तो कुठे असेल? बढती, पगारवाढ, भविष्य निर्वाह निधी, झालंच तर घराचं कर्ज, असं काहीतरी आपण सहज सांगू शकतो. आता तोच मुलगा विसाव्या वर्षी बिगारी म्हणून साइटवर आला. पंचेचाळिसाव्या वर्षी तो कुठे असेल? हुशार असेल, नशीब बरं असेल तर गवंडी, फार तर मिस्त्री. नाहीतर अजूनही घमेलंच उचलत असेल, आणि कंबर धरली म्हणून गावी परत गेलेला असेल. पंचवीस वर्षं त्याने काय काय बांधलं, याचा एक कागदही त्याच्याजवळ नसतो. हा फरक का पडतो, ते समजून घेतलं की उपायही दिसायला लागतात.

बँकेची शाखा वर्षानुवर्षं एका जागी असते. बांधकामाची साइट दोन-तीन वर्षांत संपते. इमारत उभी राहिली की कामगारांची वस्ती उठते आणि माणसं दुसऱ्या ठेकेदाराकडे जातात. शिवाय मालक आणि कामगार यांच्यामध्ये माणसांची एक लांब साखळी असते. बिल्डर मुख्य ठेकेदाराला काम देतो. तो सेंट्रिंग, सळई, प्लास्टर, टाइल्स अशी कामं निरनिराळ्या छोट्या ठेकेदारांना देतो. छोटा ठेकेदार मुकादमाला सांगतो, आणि मुकादम आपल्या गावाकडून माणसं आणतो. बरेचदा गावातच उचल दिलेली असते, म्हणजे कामाआधीच आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला असतो. बरं, या साखळीत कामगाराला शिकवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची? कुणाचीच नाही. आज शिकवलेला गवंडी उद्या दुसऱ्याच्या साइटवर जाणार, मग मी कशाला खर्च करू, असं प्रत्येकाला वाटतं. एकेकट्याने पाहिलं तर हा हिशेब बरोबरही वाटतो. पण सगळ्यांनी तोच केला की कुशल माणूस मिळत नाही, आणि मग सगळेच ओरडतात.

तेव्हा या क्षेत्राचं मूळ दुखणं असं, की इथे काम फिरतं आहे, पण कामगाराचं कौशल्य आणि हक्क त्याच्याबरोबर फिरत नाहीत. आजचं आमचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

आधी कामाच्या जागेकडे पाहू. आधार देणारी साइट म्हटलं की लोकांना भिंतीवरची पोस्टर्स आणि वर्षातून एकदा होणारा सुरक्षा सप्ताह आठवतो. आमचा अनुभव असा, की कामगार जागेची पारख तीन गोष्टींवरून करतो. पैसे ठरलेल्या दिवशी मिळतात का? राहायला, प्यायला, जायला नीट सोय आहे का? आणि धोका दिसला तर बोलता येतं का?

पहिली गोष्ट पैशांची. हजेरी कोण लिहितो, किती लिहितो, ती कामगाराला दाखवतो की नाही, यावर सगळा विश्वास उभा असतो. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्यात जादा वेळेच्या कामाला दुप्पट दराने मजुरी आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती असं स्पष्ट म्हटलं होतं. २०१९ आणि २०२० साली संसदेने जुने कामगार कायदे चार संहितांत एकत्र केले, त्यांत हा विषयही आला. कायद्याची मांडणी बदलली, तरी साइटवरचा प्रश्न तोच राहतो: रात्री अकरापर्यंत स्लॅब भरला, ते तास वहीत लिहिले का?

दुसरी गोष्ट राहण्याची. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. मुलांसह १५ जण झोपेतच गेले. त्यांतले बहुतेक बिहारहून आलेले. ही माणसं त्या वेळी परांचीवर नव्हती, उंचावर नव्हती, आपल्या अंथरुणात होती. वस्ती कुठे टाकायची, हा निर्णय साइटवर बहुधा सर्वांत शेवटी घेतला जातो. उरलेल्या कोपऱ्यात, खड्ड्याच्या काठाला, भिंतीच्या आडोशाला. आमचं म्हणणं असं, की नकाशावर जिथे सिमेंटचं गोदाम दाखवता, तिथेच कामगारांची वस्तीही दाखवा. गोदामाला पाणी लागू नये म्हणून आपण किती विचार करतो! तेवढाच विचार माणसांसाठी केला, तरी पुष्कळ होईल.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि ही सगळ्यांत अवघड. परांचीची फळी हलते आहे, हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? जो तिच्यावर उभा आहे त्याला. पण तो बोलत नाही. का? कारण मागच्या वेळी बोलला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "भीती वाटते तर घरी जा." रोजंदारीच्या माणसाला घरी जाणं परवडत नाही, म्हणून तो गप्प राहतो. उलट काही साइटवर सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळे उभे राहतात. आज कुठलं काम, कुठे धोका, काल कुणाला काय दिसलं, एवढंच बोलतात. हे बोलणं कामगाराच्या भाषेत व्हायला हवं. बिहारच्या मजुराला मराठीत आणि कर्नाटकातून आलेल्याला हिंदीत सूचना देऊन "सांगितलं होतं की!" म्हणण्यात अर्थ नाही. आणि ज्याने धोका दाखवला, त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे वरच्या साहेबाने सर्वांसमोर सांगायला हवं. हेल्मेट विकत मिळतं. हा भरवसा विकत मिळत नाही, तो रोजच्या वागण्यातून तयार होतो.

इथे तरुण अभियंत्यांबद्दलही बोललं पाहिजे. डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन आलेली मुलं-मुली साइटवर येतात आणि लवकरच दुसऱ्या क्षेत्राकडे वळतात. वरून तारखेचा दट्ट्या, खालून ठेकेदाराची कुरकुर, आणि मधल्या मध्ये यांच्यावर आरडाओरडा. ज्याच्यावर रोज ओरडलं जातं, तो खालच्यावर ओरडायला शिकतो. शिव्या अशाच मजल्यामजल्याने खाली उतरत जातात. म्हणून सुधारणा वरून सुरू व्हावी लागते. नव्या अभियंत्याला पहिले काही महिने एका जुन्या मिस्त्रीच्या जोडीला दिलं, तर दोघांचा फायदा होतो. मुलाला काम कळतं आणि मिस्त्रीला मान मिळतो.

आता स्त्रियांचा विषय. साइटवर बाई बहुतेक वेळा नवऱ्याच्या जोडीने येते, आणि त्या जोडीची मजुरी अनेकदा नवऱ्याच्या हातात पडते. ती विटा वाहते, वाळू चाळते, पाणी मारते. वर्षानुवर्षं गवंड्याच्या शेजारी उभी राहूनही थापी आणि ओळंबा तिच्या हातात येत नाही. तिला जमत नाही म्हणावं, तर मराठवाड्याचा दाखला पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं, तेव्हा गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. भूकंपात टिकणारं बांधकाम म्हणजे काय, हे त्यांनी समजून घेतलं, घरोघरी समजावलं आणि कामावर नजर ठेवली. पुढे झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयं बांधताना स्त्रियांना गवंडीकाम शिकवलं गेलं. लोक त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणू लागले. म्हणजे अडचण हाताची नाही, संधीची आहे.

आणि संधी म्हटली की मूल आलंच. पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं १९९६ च्या कायद्यात होतं. पण त्याच्याही फार आधी, १९६९ साली, दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी धुळीत खेळणारी मजुरांची मुलं पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, आणि हे काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. साइट हलली की पाळणाघरही हलतं, ही त्यातली खरी युक्ती. कामगार फिरतो, तर सोयही फिरती करा!

हीच युक्ती नोंदीला लावून पाहू. महाराष्ट्रात तिचा जुना आणि भक्कम दाखला आहे, तो माथाडी कायद्याचा. हमालालाही एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यात मंडळ असतं. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि मंडळ कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे देतं. मालक कितीही बदलले तरी कामगाराचं खातं एकच. या कायद्याच्या अंमलबजावणीत अडचणी पुष्कळ आहेत, पण कल्पना नेमकी आहे.

बांधकामातही मंडळ आहे. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो, प्रत्यक्षात एक टक्का. त्यातून नोंदणी केलेल्या कामगारांना मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात अशा कारणांसाठी मदत मिळते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचं काम, ही नोंदणीची मुख्य अट. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या निधीतून कामगारांच्या खात्यात थेट पैसे टाका, असं केंद्राने राज्यांना कळवलं. त्या वेळी देशभरात सुमारे ५२ हजार कोटी रुपये या निधीत होते आणि नोंदणी झालेले कामगार सुमारे साडेतीन कोटी होते. म्हणजे पैसा होता. पण तो पोचायला नाव यादीत हवं, आणि यादीत यायला ९० दिवसांचा दाखला हवा. दाखला द्यायला मुकादम तयार नाही, ठेकेदार म्हणतो माझा माणूस नाही. एका कागदावरच्या सहीने त्या काळात घरची चूल पेटणार की नाही हे ठरलं.

म्हणून आम्ही ठेकेदारांना नेहमी सांगतो, की साइट सोडताना कामगाराच्या हातात तीन गोष्टी द्या. किती दिवस काम केलं याचा दाखला, कुठलं काम येतं याची नोंद, आणि भविष्य निर्वाह निधी कापला असेल तर त्याचा खाते क्रमांक. ज्याने शाळा पाहिलेली नाही, अशा गवंड्याचं आधी मिळवलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही आता सरकारी कौशल्य योजनांत आहे. त्या परीक्षेला अर्धा दिवस सोडलं तर साइट बुडत नाही.

शेवटचा मुद्दा शरीराचा. सिमेंटची गोणी ५० किलोची. विशीत ती फुलासारखी वाटते, चाळिशीनंतर तीच माणसाला वाकवते. ज्या धंद्यात वय वाढलं की किंमत घटते, तिथे कुठला बाप आपल्या मुलाला पाठवेल? पण पंचेचाळिशीच्या मिस्त्रीकडे असं काही असतं जे कुठल्याही पुस्तकात नाही. प्लास्टर कधी तडकेल, सेंट्रिंग कुठे दबेल, हे तो नुसत्या नजरेने सांगतो. अशा माणसाला गुणवत्ता तपासायला, नव्यांना शिकवायला, परांचीची पाहणी करायला नेमा, आणि त्या कामाचा वेगळा पगार द्या. बिगारी, गवंडी, मिस्त्री, फोरमन, प्रशिक्षक, अशी पायरी दिसली की माणूस चढण्याचा विचार करतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर बिल्डर नाही, मग आम्ही काय करायचं? तुमच्या सोसायटीचं रंगकाम, गळतीचं काम कधीतरी निघतंच. ठेकेदार ठरवताना दराबरोबर चार प्रश्न विचारा. माणसं राहणार कुठे? शौचालय कुठलं वापरणार? उंचावर काम करताना पट्टा कशाला अडकवणार? आणि हजेरीची वही आम्हाला दाखवणार का? दर थोडा वाढेल, खरं आहे. पण तो दर वाचवताना ज्याच्या जिवावर आपण वाचवतो, तो माणूस आपल्याच खिडकीबाहेर दोरीला लटकलेला असतो.

आमचं बोलणं इथे थांबवतो. सभागृहात काही ठेकेदार आणि काही कामगार बंधू-भगिनीही आलेल्या आहेत. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, अशी विनंती आहे.