बायसनच्या वाटेवरचं क्लोव्हर

‘रनिंग बफेलो क्लोव्हर’ ही पूर्व अमेरिकेतली रानटी, बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव ट्रायफोलियम स्टोलोनिफेरम. आपल्याकडे चाऱ्यासाठी पेरतात ते बरसीम याच प्रजातीतलं, पण ते वर्षायू.

हिच्या बुंध्यापासून धावती खोडं निघतात, जमिनीलगत पसरतात आणि पेरांपाशी मुळं धरतात. पान त्रिदली. फुलं पांढरी, एप्रिल ते जूनमध्ये येणारी. नेहमीच्या पांढऱ्या क्लोव्हरपासून ही ओळखायची खूण पक्की आहे: तिथं फुलाचा दांडा बिनपानांचा असतो, इथं गुच्छाखाली समोरासमोर दोन मोठी पानं असतात.

गर्द सावली हिला मानवत नाही, रखरखीत ऊनही नाही. झाडांखालून झिरपणारा उजेड आणि अधूनमधून तुडवली जाणारी जमीन हवी. पूर्वी हे काम बायसनचे कळप करत, असं मानतात. ते संपले, तशी हीही विरळ झाली. 1940 नंतर ती नामशेष झाली असंच सगळे समजत होते. 1980च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात पुन्हा सापडली. 1987मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. नव्या जागा सापडत गेल्या, जपल्या गेल्या आणि 2021मध्ये ती संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आली. जमीन अधूनमधून तुडवली जाणं हिला लागतंच, त्यामुळे नुसतं कुंपण घालून हे साधलं नसतं.