64 अक्षरांची खातरजमा

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सर्व्हर सांभाळणाऱ्या एक बाई डाउनलोड केलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची नोंद ठेवतात, असं कळलं आणि मी त्यांचं काम बघायला गेले. डाउनलोड्सच्या फोल्डरात काय काय साचतं ते आपण सगळेच जाणतो. तिथे हिशेब ठेवणारं माणूस मला बघायचंच होतं.

त्या दिवशी पोस्टग्रेस या डेटाबेसची 16.4 आवृत्ती सोर्सवरून चढवायची होती. हाताखालच्या शिकाऊ मुलाने सोर्सचं गाठोडं, म्हणजे टारबॉल, डाउनलोड केला आणि तो थेट उलगडायला निघाला.

"चेकसम?" मॅडमनी विचारलं.

पोस्टग्रेसवाले टारबॉलशेजारीच एसएचए-256 चेकसमची छोटी फाइल ठेवतात. तिच्यात 64 अक्षरं असतात. टारबॉलमध्ये एवढासा फरक पडला, तरी ती पार बदलून जातात. मुलगा पहिली चार आणि शेवटची चार डोळ्यांनी ताडून बघू लागला.

"64च्या 64. आणि डोळ्यांनी नको, मशीनला बघू दे."

मग टारबॉल यूएसआर-लोकलमधल्या एसआरसी डिरेक्टरीत गेला. उरलेलं यूएसआर डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेज मॅनेजरचं. यूएसआर-लोकलमध्ये डेबियनची पॅकेजेस आपल्या फायली टाकत नाहीत, त्यामुळे अपग्रेड झालं तरी इथलं सामान शाबूत राहतं.

"मॅडम, कॉन्फिगर देऊ?"

"प्रीफिक्स सांगितलास का?"

इथे त्या फार कडक आहेत, आणि ते मला पटलं. प्रीफिक्स, म्हणजे चढवायची जागा, न देता मेक इन्स्टॉल केलं, की बहुतेक सॉफ्टवेअर बिन, लिब, शेअर असं सगळीकडे पांगतं. वर्षभराने काढायची वेळ आली, तर कुठली फाइल कोणाची हे सांगायला कोणी नसतं. म्हणून त्या प्रत्येक आवृत्तीला स्टो डिरेक्टरीत स्वतंत्र जागा देतात. मग जीएनयू स्टो हा प्रोग्रॅम तिथून सिमलिंक जोडतो. काढायचं झालं तर एका कमांडीत सगळे दुवे सुटतात.

बिल्ड झाल्यावर मुलगा उलगडलेली डिरेक्टरी पुसणार होता. मॅडमनी आधी तिच्यातली कॉन्फिग-लॉग ही फाइल उघडून दाखवली. वरच्या ओळींतच कॉन्फिगरची पूर्ण कमांड होती, दिलेल्या सगळ्या पर्यायांसकट. ती फाइल त्यांनी टारबॉलशेजारी नेऊन ठेवली.

एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. त्यांनी मार्च 2024 आठवायला सांगितलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला होता. तो उघडकीला आणला आंद्रेस फ्रॉइंड यांनी, आणि ते पोस्टग्रेसचेच डेव्हलपर. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. चोरदरवाजा सुरू करणारा एक तुकडा फक्त प्रसिद्ध झालेल्या टारबॉलमध्ये होता, गिटमधल्या सोर्समध्ये नव्हता.

"म्हणजे तिथे ही 64 अक्षरं जुळलीच असती," मी म्हटलं.

"जुळली असती. फाइल जशी निघाली तशी पोचली, एवढंच ती सांगतात. पण आपण नेमकं काय चढवलं होतं, हे टारबॉल जपला असेल तरच कळतं."

चोरदरवाजा उघडकीला आला त्या आठवड्यात त्यांनी एसआरसी डिरेक्टरी चाळली आणि काही मिनिटांत उत्तर दिलं: आपल्याकडे 5.4 आहे. असं उत्तर देता येणं हेच या कामाचं मोल, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हीही सोर्सवरून काही चढवत असाल, तर बिल्डचा पसारा खुशाल पुसा. टारबॉल आणि कॉन्फिग-लॉग मात्र ठेवा.