टेबल कुठल्या इंजिनवर चालतं?

मायएसक्यूएलमध्ये टेबल तयार करताना आपण कॉलमची नावं आणि प्रकार लिहितो आणि पुढे जातो. पण डेटा डिस्कवर कसा ठेवायचा, लॉक कशावर लावायचं, सर्व्हर कोसळला तर कसं सावरायचं, हे ठरवतं स्टोरेज इंजिन. आपण ते सांगितलं नाही, तर डीफॉल्ट इंजिन लागू होतं.

आधी हे डीफॉल्ट मायआयसॅम होतं. डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ती जागा इनोडीबीने घेतली. हे इंजिन फिनलंडच्या हाइक्की तूरी यांनी घडवलं.

वेब अ‍ॅप्लिकेशनला या बदलाने काय मिळालं, हे तिकीट बुकिंगवरून पाहू. ग्राहकाने सीट घेतली की दोन कामं होतात: शिल्लक जागा एकने कमी करायची आणि पैशांची नोंद करायची. पहिलं झालं आणि तेवढ्यात कनेक्शन तुटलं, तर? मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शनच नाही. जागा कमी झालेली राहते, पैशांची नोंद मात्र नसते. इनोडीबीत दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घालता येतात. बदलाआधीची माहिती अनडू लॉगमध्ये असते. कमिट झालं नाही, तर तिच्या आधारे सगळं पूर्ववत होतं.

दुसरा मुद्दा गर्दीचा. एक रो अपडेट करायची असली, तरी मायआयसॅम अख्खं टेबल लॉक करतं. बाकीचे सगळे ताटकळतात. इनोडीबी रो लॉक करतं आणि वाचणाऱ्याला अनडू लॉगमधून जुनी, सुसंगत प्रत दाखवतं. मात्र शोधायच्या कॉलमवर इंडेक्स हवा. तो नसेल, तर शोधताना तपासलेल्या इतर रोही लॉक होऊ शकतात.

तिसरा मुद्दा वीज जाण्याचा. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि खतावणी सवडीने करतो, तसंच इथे होतं. डीफॉल्ट सेटिंगमध्ये कमिट होताना बदल रीडू लॉगमध्ये, थेट डिस्कवर, नोंदला जातो. टेबलाची १६ केबीची पानं मागाहून लिहिली जातात. मधेच सर्व्हर बंद पडला, तर पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करतो. मायआयसॅमकडे असा लॉग नाही. टेबल बिघडलं, तर दुरुस्तीची कमांड चालवावी लागते आणि त्यात काही रो गमवाव्या लागू शकतात.

मायआयसॅमचे फायदेही खरे होते: टेबल डिस्कवर कमी जागा घेई, एकूण रोंची संख्या झटकन मिळे, फुल-टेक्स्ट सर्च होता. ५.६ मध्ये तो सर्च इनोडीबीतही आला. पुढे ८.० मध्ये मायएसक्यूएलची स्वतःची सिस्टिम टेबलंही इनोडीबीवर गेली.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा: डीफॉल्ट बदललं म्हणून जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. जुन्या डंप फाइलमध्ये इंजिनचं नाव लिहिलेलं असतं. ती नव्या सर्व्हरवर चढवली, तरी टेबल मायआयसॅमच बनतं. म्हणून ‘शो टेबल स्टेटस’ चालवून इंजिनचा कॉलम एकदा नीट वाचा. मायआयसॅम दिसलं, तर बॅकअप घ्या, टेबलाला आटोपशीर प्रायमरी की आहे ना ते पाहा, कारण इनोडीबी डेटा तिच्याच क्रमाने ठेवतं. मग ‘ऑल्टर टेबल’ने इंजिन बदला. लोकांचे पैसे आणि नोंदी ज्या टेबलात आहेत, तिथे हे काम उद्यावर टाकू नका.