पूर्वी रंगविलेल्या लाकूडकामाची पूर्वतयारी : तंत्र आणि दक्षता

प्रस्तावना :
महाराष्ट्रात घर रंगविण्याची लगबग प्रामुख्याने दसरा-दिवाळीच्या सुमारास असते. भिंतींना चुना किंवा डिस्टेंपर आणि दारे-खिडक्यांना ऑइलपेंट, ही जुन्या घरांतील सर्वसाधारण विभागणी होय. दिवाळीला चकाकणारे दार पुढच्या पावसाळ्यातच पोपडे धरू लागते आणि दोष मात्र रंगाच्या डब्याला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष रंगाखालच्या पृष्ठभागाचा असतो. शिवाय चकचकीत थर प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित करीत असल्याने खालचा प्रत्येक ओरखडा आणि उंचवटा तो लपविण्याऐवजी उघड करतो.

जुन्या थराची परीक्षा :
जुना रंग सर्वत्र खरवडून काढलाच पाहिजे, हा समज बरोबर नाही. घट्ट बसलेला थर नव्या रंगाला उत्तम आधार देतो. धारदार पात्याने त्यावर बारीक जाळीसारखे छेद द्यावेत, चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंग निघून आला नाही, तर तो थर ठेवण्यास हरकत नाही. सुटलेला भाग तेवढा खरवडून काढावा व उरलेल्या रंगाचे काठ घासून निमुळते करावेत.

घासण्यापूर्वी धुणे आवश्यक आहे. हा क्रम उलटला, तर स्वयंपाकघरातील दारांवरचा तेलकट मेण घासण्याने पडलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतो. धुण्याच्या सोड्याचे कोमट द्रावण यासाठी पुरेसे असते. मात्र सोड्याचा अंश राहिल्यास तो नव्या रंगालाच बाधतो, म्हणून स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून घ्यावे.

शिशाचा प्रश्न :
इनॅमल हवेतील ऑक्सिजन शोषून कठीण होते. ते जुन्या वाळलेल्या थरात विरघळत नाही. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला पकड मिळत नाही. ही पकड पॉलिशपेपरने घासून निर्माण करावी लागते, आणि खरा धोकाही येथेच आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये अधिसूचित झाले व 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या अनेक ऑइलपेंटांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत, शिसे पुष्कळ असे. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ श्वासावाटे आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे शरीरात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसे हानिकारक आहे व त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा ज्ञात नाही. सर्वाधिक धूळ अर्थातच रंगाऱ्याच्या वाट्याला येते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही.

म्हणून जुने लाकूडकाम पाणी लावून वॉटरपेपरने घासावे. खाली प्लास्टिक अंथरावे, चोथा ओला असतानाच गोळा करावा आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी. मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. ब्लोलॅम्पने रंग जाळून काढण्याची पद्धत तर टाळावीच, कारण ज्वालेमुळे शिशाचा विषारी धूर पसरतो.

लांबी, प्रायमर आणि ओल :
उघड्या पडलेल्या लाकडावर आधी प्रायमर व नंतर लांबी भरावी. कोरडे लाकूड लांबीतील तेल शोषून घेते आणि ती पुढे भुगा होऊन गळते. लांबी वाळल्यावर घासून तेवढ्या जागी पुन्हा प्रायमरचा हात द्यावा.

पावसाळ्यात फुगलेले लाकूड पुरेसे वाळण्याआधी रंगविल्यास आतली ओल बाहेर पडताना थराला फोड आणते. कोकणातील घरांत ही अडचण अधिक जाणवते. दाराची खालची कड बहुधा कोरीच राहते व दरवर्षी तेथूनच पाणी वर चढते. ती रंगविण्यासाठी दार बिजागऱ्यांवरून उतरवावे लागते. हे काम मजुरीच्या बोलणीतच ठरवून घेणे इष्ट.