स्वस्त लेन्स, अस्पष्ट छायाचित्र आणि दोषाचा शोध

बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही की जुन्या अधिकाऱ्यांची एक पद्धत असे. चोरीचा संशय सर्वांत शेवटी घ्यायचा. प्रथम फरक किती रुपयांचा आहे ते पाहायचे. फरकाला ९ ने निःशेष भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल होऊन ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असावेत. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर जमेची रक्कम नावे पडली असावी. फरकाचे रूपच त्याचे कारण सांगते. अस्पष्ट छायाचित्राचे अगदी असेच आहे. परंतु कॅमेरा बाळगणारी मंडळी फरक न पाहता थेट लेन्सवर आरोप ठेवतात आणि बाजारात दुसरी, चौपट किमतीची लेन्स पाहू लागतात.

ज्या लेन्सवर हा आरोप सर्वाधिक होतो ती म्हणजे ५० मिलिमीटर, एफ १.८. कॅननची या जातीची ईएफ लेन्स १९८७ साली आली, १९९० मध्ये तिची प्लॅस्टिकच्या बैठकीची स्वस्त आवृत्ती निघाली आणि २०१५ मध्ये धातूची बैठक व नवी मोटर असलेली एसटीएम आवृत्ती आली. निकॉनचीही अशीच लेन्स आहे. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ च्या लेन्सनंतर पुष्कळ घरांत विकत घेतलेली ही पहिली लेन्स असते. ती स्वस्त असते याचे कारण काचेतील भेसळ नव्हे. तिच्या रचनेचे मूळ गाउस या गणितज्ञाने १८१७ मध्ये सुचविलेल्या दुर्बिणीच्या भिंगापर्यंत जाते, आणि १८९६ साली झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी तिला ‘प्लानर’ या लेन्सचे रूप दिले. कॅननच्या लेन्समध्ये पाच गटांत मिळून केवळ सहा भिंगे आहेत. रचना जुनी, सुटसुटीत, उत्पादन प्रचंड. काटकसर केली आहे ती बाहेरच्या नळीत आणि मोटरमध्ये. व्यापारी वाचकांना हा हिशेब निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हुपरीचे माझे एक स्नेही चांदीच्या पैंजणांचा व्यवसाय करतात. त्यांचे चिरंजीव मालाची छायाचित्रे काढून परगावच्या घाऊक व्यापाऱ्यांना पाठवितात; मागणी त्या छायाचित्रावरच नोंदली जाते. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारले, ‘‘पुढची घुंगरे स्वच्छ दिसतात, मागची कडी मात्र पुसट. डाग नीट बसलेला नाही काय?’’ ज्या घराण्याने तीन पिढ्या डागकामावर नाव कमावले, त्याला हा प्रश्न किती झोंबला असेल! चिरंजीवांनी लेन्स सदोष ठरवून टाकली होती आणि चाळीस हजारांच्या लेन्सची चौकशीही केली होती. छायाचित्रे मोबाईलवर न पाहता संगणकावर मोठी करून पाहिली, तेव्हा पुढची घुंगरे इतकी रेखीव होती की त्यांवरील कोरीव रेघ मोजता यावी. जी लेन्स एक वस्तू इतकी स्वच्छ टिपते, ती मुळात बिघडलेली कशी असेल?

येथे थोडे गणित करावे लागते. लेन्सचे द्वार, म्हणजे ॲपर्चर, जितके उघडे तितकी स्पष्टतेची खोली कमी. साध्या डीएसएलआरवर ही लेन्स एफ १.८ वर ठेवून अर्ध्या मीटरवरची वस्तू टिपली, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ६ मिलिमीटरचा असतो. पैंजणाची पुढची घुंगरे त्यात येतात, मागची कडी येणे शक्यच नाही. तेच द्वार एफ ८ वर आणले की पट्टा सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचा होतो, एफ ११ वर पावणेचारचा. प्रकाश कमी पडतो, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बोटाचा धक्काही लागत नाही. माल हलत नाही, त्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. चिरंजीवांना लेन्स बदलावी लागली नाही; दीड हजारांची तिपाई मात्र घ्यावी लागली. एफ १६ च्या पलीकडे द्वार आवळण्याचा मोह टाळावा, कारण तेथे प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ होते.

माणसांच्या छायाचित्रांत हाच पट्टा निराळा त्रास देतो. दीड मीटरवर बसलेल्या आजींचे चित्र एफ १.८ वर काढले, तर पट्टा सहा सेंटिमीटरांचा. डोळे स्पष्ट आले तर कान पुसट येतात, ते शोभतेही. परंतु कॅमेऱ्याने आपण होऊन चष्म्याच्या पुढे धरलेला हात पकडला, तर चेहरा गेलाच. कॅमेऱ्याला फोकसचे बिंदू स्वतः निवडू दिले की तो बहुधा जवळची वस्तू पकडतो: पुढचे तबक, हार, शेजारच्या नातवाचे डोके. म्हणून एकच बिंदू, बहुधा मधला, आपण नेमून द्यावा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मग चौकट जुळविण्यासाठी कॅमेरा फार वळवू नये. इतक्या अरुंद पट्ट्यात तेवढ्या वळण्यानेही डोळा पट्ट्याबाहेर जातो. तीन ओळींत उभे असलेले कुटुंब तर एफ १.८ वर काढूच नये. माझ्या मते घरगुती समारंभात ही लेन्स एफ २.८ ते एफ ४ च्या दरम्यान ठेवावी. पूर्ण उघड्या द्वारावर भिंगाच्या कडेतून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच बिंदूवर नेमके मिळत नाहीत, त्यामुळे रेघांभोवती दुधाळ झाक येते. द्वार थोडे मिटले की ती झाक जाते आणि हीच स्वस्त लेन्स महागड्या लेन्सच्या पंगतीला बसते.

आता फरकाचे रूप ओळखण्याकडे वळू. चित्र मोठे करून पाहावे आणि त्यात कोठेतरी, काहीतरी स्पष्ट आहे का ते शोधावे. चेहरा पुसट पण मागची भिंत किंवा पुढचा पाट रेखीव असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला आहे. सगळेच चित्र पुसट आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील, तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि धावणारा नातू तेवढा पुसट असेल, तर शटर संथ पडले. या लेन्समध्ये कंप रोखणारी यंत्रणा नाही आणि साध्या कॅमेऱ्यावर ती ८० मिलिमीटरसारखी वागते. तेव्हा हातात धरून १/१२५ सेकंदापेक्षा संथ शटर वापरू नये, मुलांसाठी १/२५० तरी ठेवावे. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. दाणेदार चित्र अल्बमात लावता येते, हललेले येत नाही. सगळेच चित्र धुक्यात असल्यासारखे, फिके दिसत असेल तर आधी भिंगावरचा बोटाचा ठसा पाहावा आणि वर चढविलेला स्वस्त संरक्षक फिल्टर काढून पाहावा. दुकानदार लेन्सबरोबर तो आग्रहाने देतात. दिव्यांच्या माळांसमोर तोच घात करतो.

कधी फोकस बसतच नाही. मोटर घरघर करीत पुढेमागे फिरत राहते. याचीही साधी कारणे आहेत. जुनी कॅनन आवृत्ती ४५ सेंटिमीटरच्या आत आणि एसटीएम ३५ च्या आत फोकस करू शकत नाही. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, कॅमेऱ्यातील सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वर्तुळाला छेदणारी रेघ असते, तेथून. पांढरे स्वच्छ कापड किंवा गुळगुळीत चांदीचा पत्रा यांवरही फोकस अडतो, कारण यंत्राला पकडायला उजेड-अंधाराची कड लागते. काठावर, शिवणीवर, नक्षीच्या रेघेवर बिंदू ठेवावा. निकॉनच्या बाबतीत एक खरेदीची गोष्ट सांगतो. त्यांच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतील प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुनी ५० मिमी ‘डी’ लेन्स स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर या कॅमेऱ्यांवर ती आपोआप फोकस करणारच नाही. तिच्यात बिघाड नसतो. ती त्या कॅमेऱ्यासाठी नाही, इतकेच. त्यांना स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स हवी.

साठी उलटलेल्या माझ्यासारख्यांसाठी आणखी एक सूचना. डोळा लावायच्या खिडकीजवळ एक बारीक चाक असते. ते फिरवून आतली अक्षरे स्वच्छ दिसतील असे करावे. चित्रावर त्याचा परिणाम होत नाही, परंतु हाताने फोकस करणाऱ्याची फसगत टळते. घरात ते चाक कोणीतरी फिरवून ठेवते आणि दुसऱ्याला वाटते कॅमेरा बिघडला!

हे सारे करूनही डोळ्यांवर धरलेला फोकस दर वेळी कानांवर बसत असेल, तर मात्र यंत्राची तपासणी करावी. तीन सारखी खोकी टेबलावर तिरप्या रांगेत, प्रत्येक मागच्याहून पाच-पाच सेंटिमीटर पुढे अशी मांडावीत. त्यांवर बारीक छपाई असावी; औषधांची खोकी उत्तम. कॅमेरा तिपाईवर, दीड मीटर अंतरावर, द्वार एफ १.८. खिडकीतून पाहत मधल्या खोक्यावर फोकस करून पाच चित्रे घ्यावीत, प्रत्येक वेळी आधी फोकस पूर्ण बिघडवून. नंतर पडद्यावरच्या थेट दृश्यात चित्र दहापट मोठे करून तसाच फोकस बसवावा आणि पुन्हा पाच घ्यावीत. डीएसएलआरमध्ये खिडकीतून पाहताना फोकस ठरविणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो; थेट दृश्यात खुद्द मुख्य सेन्सरवरूनच फोकस ठरतो. दुसऱ्या संचात मधले खोके रेखीव आणि पहिल्यात पाचही वेळा पुढचे खोके रेखीव असेल, तर कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ बसलेला नाही. पाच वेळा पाच जागी फोकस बसला, तर मोटरची अचूकता कमी आहे किंवा खोलीत प्रकाश अपुरा आहे. तपासणी दिवसा खिडकीशी पुन्हा करावी. दोन्ही संच पुसट असतील तर दोष भिंगांत आहे. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताणून समोरून काढलेल्या चित्रात एकच बाजू कायम पुसट येत असेल, तर भिंग आतून सरकले आहे. पडलेल्या लेन्समध्ये हे आढळते.

मेळ बसविण्याची सोय कॅननच्या ५०डी, ७डी, ७०डी यांसारख्या कॅमेऱ्यांत यादीतच असते. प्राथमिक कॅमेऱ्यांत ती नाही. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी महत्त्वाची चित्रे थेट दृश्यातून काढावीत किंवा कॅमेरा व लेन्स दोन्ही एकत्र सेवाकेंद्रात न्यावीत. एकटी लेन्स नेऊ नये. मेळ दोघांचा असतो. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत फोकस मुख्य सेन्सरवरच ठरत असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. सेवाकेंद्रात जाताना वर सांगितलेली दहा चित्रे पेन ड्राइव्हवर न्यावीत. ‘चित्र बरोबर येत नाही’ एवढेच सांगितले की काउंटरवरचा मनुष्य पुसून परत देतो. मूळ दहा फायली समोर ठेवल्या की त्याला आत तंत्रज्ञाकडे जावेच लागते. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा आणि तो लेन्सच्या निम्म्या किमतीहून अधिक असेल तर नवी घ्यावी.

जपणूक फार नाही. एसटीएमची पुढची नळी फोकस करताना बाहेर येते. कॅमेरा बंद करण्यापूर्वी ती आत गेली आहे हे पाहावे, बाहेर राहिलेली नळी जोराने दाबू नये. जुन्या आवृत्तीची कडी स्वयंचलित फोकस चालू असताना हाताने फिरवू नये, दाते झिजतात. पावसाळ्यात चामडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळे धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी, पुड्या दर महिन्याला बदलाव्यात, आणि आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून दोन-चार चित्रे काढावीत.