सर्वांत शेवटी कोण आहे?

पावसाळ्यातल्या रविवारी देवळाली कॅम्पची मुले मोटारसायकली घेऊन घोटीमार्गे भंडारदऱ्याला निघतात. खरा धोका मागे पडलेल्याला असतो. सोबत्यांना गाठायला तो ओल्या वळणावरही वेग वाढवतो. म्हणून नवशिक्याला पुढच्या जाणत्याच्या लगेच मागे ठेवावे, शेवटीही जाणताच असावा. दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचे अंतर हवे, ओल्या रस्त्यावर दुप्पट. घाटात एकामागे एक चालावे आणि प्रत्येक फाट्यावर सगळे येईपर्यंत थांबावे. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अम्मी-अब्बूंनी निघताना एवढे जरूर विचारावे, "बेटा, सर्वांत शेवटी कोण आहे?"